अर्धं वाक्य तुमचं

मामंजी, काल तुमचं तेरावं झालं आणि जेवणं आटोपल्यावर भाऊजी मला म्हणाले की शेवटचं वर्षभर तुम्ही कोणालाच ओळखत नव्हतात. वाईट हेतूने नाही म्हणाले. मी डोळे पुसत पत्रावळी गोळा करत होते. मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "वहिनी, अण्णा सुटले असं समज. आपल्यातून ते केव्हाच गेले होते." मी म्हटलं, मला ओळखत होते. त्यावर ते हसले, अगदी मायेने हसले, आणि म्हणाले, "तुझं नाव तरी घेत होते का? आठव बरं, शेवटचं कधी घेतलं?"

मी आठवायला लागले. पत्रावळी हातात तशाच राहिल्या. मला काही आठवेना.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. रडू येतं त्यापेक्षा राग जास्त येतो, आणि तो नेमका कोणावर हेही धड कळत नाही. भाऊजींवर काढावा तर ते घाटकोपरला राहतात, रविवारी येतात, घटकाभर बसतात, त्यांना जे दिसलं ते बोलले. ह्यांच्यावर काढावा तर हे स्वतःच दिवसभर भिंतीकडे बघत बसलेत. मग उरलात तुम्ही. मला एवढंच सांगा, तुम्ही मला ओळखत होतात की नाही? की हाक मारल्यावर येणारी, वेळेवर पेज आणून देणारी कोणी एक बाई होते मी? बाकी तुमच्याबद्दल लोक चांगलंच बोलताहेत, त्यात माझी भर नको.

आत्ता दुपार आहे. मुलुंडात या वेळेला कावळासुद्धा आळस देतो. मिठागरांकडून येणारा तो कोमट वारा आलाय आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेय. समोर गॅलरीत तुमची आरामखुर्ची. भाऊजी ती घडी करून माळ्यावर टाकणार होते, मी टाकू दिली नाही. ही वेळ आपली होती, म्हणून मी आत्ताच बोलायला बसले.

या घरात मी आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊजींनी वेगळं बिऱ्हाड केलेलं. हे कचेरीत गेले की घरात तुम्ही आणि मी. तुम्ही नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर हायस्कुलात फारसी शिकवलीत आणि शेवटी शेवटी वर्गात बाकं जास्त, पोरं कमी अशी गत झाली. सगळी पोरं संस्कृतकडे गेली, नाहीतर हिंदीकडे. तुमच्या दोन्ही मुलांनी तर फारसीला हातही लावला नाही. इकडे मी मॅट्रिक झालेली, पुढे शिकायची इच्छा गिळून बोहल्यावर चढलेली. तुम्हाला शिकवायला माणूस नव्हतं आणि मला शिकवणारं माणूस नव्हतं. एकाच घरात राहून हे आपल्या लक्षात यायला वर्ष गेलं.

आणि लक्षात आलं ते त्या रेशनिंगच्या माणसामुळे. आठवतं? नाही, आठवतं का असं तुम्हाला विचारणंच आता अवघड झालंय. मीच सांगते. भरदुपारी तो दारात आला आणि विचारायला लागला, घरात कोण कोण राहतं, नावं सांगा. तुमचं नाव मी घेणं शक्य नव्हतं, ह्यांचं तर त्याहून नाही. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं आईने बजावून पाठवलेलं. मी म्हटलं, जे आत झोपलेत ते एक, आणि जे कचेरीत गेलेत ते दुसरे. तो म्हणाला, बाई, नाव. मी म्हटलं, जे आत झोपलेत त्यांचेच ते चिरंजीव, जे कचेरीत गेलेत. त्याने कपाळावरचा घाम पुसला. शेवटी तुम्ही आतून उठून आलात, दोन्ही नावं सांगून त्याला वाटेला लावलंत, आणि मग दाराला टेकून इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला.

"सूनबाई," तुम्ही म्हणालात, "माझी वर्गातली पोरं ज्या धड्यात नापास व्हायची तो तुला न शिकवता येतो."

मला वाटलं, थट्टा करताय. पण तुम्ही पाणी प्यायलात, खुर्ची खिडकीकडे वळवलीत आणि तिथेच सुरू केलंत. ज्याचं नाव घ्यायचं नाही किंवा ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची आणि त्या गोष्टीवरून ऐकणाऱ्याने तो ओळखायचा. एवढाच तो धडा, तुम्ही म्हणालात. फारसीत 'मर्द' म्हणजे माणूस. नुसतं 'मर्द' नाही म्हणायचं, 'मर्दे' म्हणायचं. तो शेवटचा 'ए' आला की ऐकणाऱ्याने कान टवकारायचे, की आता याच्याबद्दल काहीतरी सांगणार आहेत. मग 'कि'. मग ती गोष्ट. आणि मग मूळ वाक्य. त्या दिवशी तुम्ही मला माझं पहिलं फारसी वाक्य दिलंत. 'मर्दे कि चत्र बर दर मी-आवेज़द, पिसर-ए-शुमास्त.' जो माणूस दारावर छत्री टांगतो तो तुमचा मुलगा आहे.

मी ते भाकरी थापताना घोकलं, विहिरीवर घोकलं. संध्याकाळी हे आले, त्यांनी नेहमीसारखी दाराच्या खिळ्याला छत्री टांगली आणि मी स्वयंपाकघरातून ते वाक्य मोठ्याने म्हटलं. तुम्ही गॅलरीत टाळ्या वाजवल्यात. हे बिचारे छत्री पुन्हा काढून बघायला लागले, काही फाटलंय का म्हणून. लग्नानंतर ह्यांच्याबद्दल मी चारचौघांत बोललेलं ते पहिलं धड वाक्य, आणि तेही ह्यांना कळलं नाही.

माहेरची मंडळी म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. शेजारच्या कांताबेन म्हणाल्या, सासरा-सुनेचं रोज दुपारी भांडण होतं. आपण शिकत होतो ते त्यांना भांडणच वाटायचं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. मी काही मुकाट ऐकून घेणारी विद्यार्थिनी नव्हते. मराठीत कसं, 'जो' म्हटलं की पुढे 'तो' यायलाच हवा, 'जी' म्हटलं की 'ती'. दोन्ही टोकं गाठ मारून पक्की. तुमच्या फारसीत सगळ्यांना मिळून एकच 'कि'. बाईला तोच, पुरुषाला तोच, खुर्चीलाही तोच. 'ज्याची', 'जिला', 'ज्यांच्यामुळे' असलं काही नाही. कोणाची आणि कोणाला ते पुढे शब्दाला बारीकसं शेपूट लावून सांगायचं. वर 'तो' आणि 'ती' दोघांनाही एकच 'ऊ'. माझ्या नाकी नऊ आले. मी म्हटलं, मग बाई आहे की पुरुष हे कळायचं कसं? तुम्ही म्हणालात, पुढचं ऐकायचं, घाई करायची नाही. घाई न करणं मला कधी जमलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

वही तुम्ही मला धरू दिली नाहीत. लिहून घेतलं की माणूस विसरायला मोकळा होतो, असं तुमचं म्हणणं. त्याऐवजी आपली ती रीत पडली. मी आत शेगडीशी, तुम्ही बाहेर खुर्चीत, मध्ये खिडकी. तुम्ही वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणायचात आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून थांबायचात. दुसरा अर्धा भाग मी म्हणायचा. तो जमला की बोट खाली. चुकला की बोट तसंच वर. कधीकधी मी कढीला फोडणी देत असायचे आणि बाहेर तुमचं बोट वरच. पोस्टमन येऊन गेला, बोट वर. एकदा तर तुम्ही डाव्या हाताने चहा प्यायलात, पण बोट खाली घेतलं नाहीत. दुसऱ्या कोणाबरोबर तुम्ही हे करत नव्हतात. ह्यांना एकदा गंमत म्हणून अर्धं वाक्य देऊन पाहिलंत, हे म्हणाले, अण्णा, मला आंघोळीला जायचंय.

आणि ते कांताबेनच्या दुधाचं. तुम्ही म्हणालात, शेजारी जी बाई राहते... आणि बोट वर. मला खिडकीतून त्यांची शेगडी दिसत होती. मी म्हटलं, 'शीरश सर मी-रवद', तिचं दूध उतू जातंय. म्हणजे तसं म्हणायचं होतं, प्रत्यक्षात मी क्रियापदाचा विचका केला. तुमचं बोट वर. मी म्हटलं, मामंजी, दूध खरंच उतू जातंय. तुम्ही म्हणालात, आधी क्रियापद नीट लाव, मग जा. मी क्रियापद लावलं आणि धावले. तोवर पातेल्यात तळाशी चमचाभर दूध उरलेलं. कांताबेननी मला विचारलं, खिडकीतून हाक का नाही मारलीस? मी त्यांना काय सांगणार, कपाळ?

त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुमचं म्हणणं, उदाहरण बरोबर असावं लागतं, खरं असायलाच हवं असं नाही. बादशहाचा जो गुलाम पळाला तो परत आला, यात कुठला बादशहा आणि कुठला गुलाम? शिकणाऱ्याने वाक्याची बांधणी बघायची. माझं म्हणणं, खोट्या वाक्याची बांधणी घेऊन काय चाटायचीय? माझ्या तोंडून जे वाक्य निघेल ते मला दिसलेलं, मला ठाऊक असलेलं निघेल. तुम्ही म्हणायचात, तू हट्टी आहेस. मी म्हणायचे, तुम्ही मास्तर आहात. तुम्हाला ते लागायचं आणि मला त्याची मजा वाटायची. अशा कितीतरी दुपारी आपण घालवल्या, मामंजी, आणि त्या दुपारींइतकं सुखाचं मला या घरात दुसरं काही मिळालं नाही. हे तुम्ही असताना बोलायची सोय नव्हती. सुनेने सासऱ्याला असं कुठे सांगायचं असतं?

आता मला ज्या गोष्टीने गोंधळात टाकलंय ती सांगते. गेल्या वर्षी कधीतरी तुम्ही तो जुना धडा पुन्हा काढलात. आपण फार पुढे गेलो होतो, छोट्या गोष्टी वाचत होतो, आणि अचानक तुम्ही मागे आलात. जो माणूस सकाळी दूध घालतो तो आज आला नाही का? ज्या बाईचं पातेलं रिकामं झालं होतं ती काय म्हणते? जिथे मिठाच्या राशी दिसतात तिकडून वारा येतोय. कधी फारसीत, कधी मराठीत. मला वाटलं, उजळणी घेताय. मला थोडा कंटाळाही आला, पण मी उत्तरं देत गेले, कारण तुमचा आवाज तोच होता, मास्तरचा.

एक दिवस तुमचे शाळेतले जुने सोबती, सप्रे मास्तर, टांग्याने तुम्हाला भेटायला आले. येऊन सरळ तुमच्या आरामखुर्चीत बसले, जसे नेहमी बसायचे. तुम्ही आत माझ्याजवळ आलात आणि हळूच फारसीत विचारलंत, माझ्या खुर्चीवर जो माणूस बसलाय तो कोण? मला हसूच आवरेना. मला वाटलं, सप्रे मास्तर खुर्ची बळकावून बसतात त्याचा तुम्हाला राग आहे आणि तो तुम्ही त्यांना ऐकू गेलं तरी न कळणाऱ्या भाषेत काढताय. मी फारसीतच उत्तर दिलं, जो माणूस तीन चमचे साखर घेतो आणि तरी फिका चहा म्हणतो, तो. तुम्ही मान डोलावलीत. बाहेर जाऊन त्यांच्याशी तासभर बोललात, हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल, त्यांना तिसरा चमचा स्वतःच्या हाताने घातलात. जाताना सप्रे मास्तर मला म्हणाले, तुमच्या मामंजींची तब्येत छान आहे, अजून फारसी बोलतात.

आणि छत्रीचं. तेही सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या मनातून जाणार नाही. एके संध्याकाळी हे आले, त्यांनी खिळ्याला छत्री टांगली आणि आत हातपाय धुवायला गेले. तुम्ही मला म्हणालात, जो माणूस दारावर छत्री टांगतो... तुम्ही थांबला नाहीत, बोटही वर केलं नाहीत. पुढे तुम्हीच म्हणालात, तो कोणाचा मुलगा? मी शेंगा सोलत होते. हे माझं पहिलं वाक्य, ते तुम्ही उलटं करून विचारताय, परीक्षा घेताय असं मला वाटलं. मी मान वर न करता म्हटलं, 'शुमा'. तुमचा. तुम्ही बराच वेळ त्या छत्रीकडे बघत राहिलात आणि मराठीत म्हणालात, "असं होय."

मला तेव्हा काहीच वाटलं नाही. काल भाऊजी बोलले आणि त्यानंतर ह्यांनी भिंतीकडे बघत बघत मला सांगितलं की तुम्ही वर्षभर ह्यांना 'अहो' म्हणत होतात. पोटच्या मुलाला अहो. हे म्हणाले, मला वाटलं अण्णा माझी चेष्टा करतात, तू मारतेस तशी हाक मारून दाखवतात. एका घरात राहून कोणालाच कळू नये?

पण कळणार कसं, तुम्हीच सांगा. या घरात नावं होतीच कुठे? मी ह्यांना 'हे', तुम्हाला 'मामंजी', धाकट्यांना 'भाऊजी'. हे मला 'अगं' म्हणतात. ज्या घरात नावं घ्यायचीच नसतात, तिथून ती एकेक करून निघून गेली तर दारात कोण अडवणार? भाऊजी विचारतात माझं नाव शेवटचं कधी घेतलंत. मला फक्त पहिलं आठवतं. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने नाव लिहिलं ते तुम्ही सुचवलेलं, मालती. ह्यांचं अक्षर वाचता येईना म्हणून तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवलंत. त्यानंतर थोडे दिवस मालती, मग सूनबाई, मग अगं, मग बोट वर. यातलं विसरणं कुठे सुरू झालं आणि जवळीक कुठे, हे मला काही केल्या वेगळं करता येत नाही.

कालपासून मी तुमचं एकेक वाक्य पुन्हा काढून बघतेय आणि माझी वाट लागलीय. कुठला धडा होता आणि कुठला खरा प्रश्न? जी बाई तुळशीला पाणी घालते ती हल्ली दिसत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. तुळशीला रोज मीच पाणी घालते. मी आतून ओरडले, ती पोळ्या लाटतेय. आता वाटतं, तुम्ही माझ्याबद्दल बोलतच नव्हतात. सासूबाईंना शोधत होतात. मग मी 'पोळ्या लाटतेय' म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल? त्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात आणि पोळी छान झालीय म्हणालात. मला म्हणालात की त्यांना, हे मी आता कोणाला विचारू?

आणि तुम्हाला माहीत होतं का? सप्रे मास्तर आले तेव्हा तुम्ही फारसीत का विचारलंत? मराठीत विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं म्हणून? तुम्ही जाणूनबुजून त्या धड्याच्या आड उभे राहिलात आणि पडद्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत, आणि मी मूर्खासारखी ते धरून उभी राहिले, असं असेल तर मला तुमचा संताप येतो. सांगायला काय झालं होतं मला? मी कोणी परकी होते? पण मग वाटतं, परकी नव्हते म्हणूनच माझ्या हातात दिलंत. आणि लगेच वाटतं, छे, तुम्हाला कसलंच भान नव्हतं, हे सगळं मीच माझ्या समाधानासाठी रचतेय. सकाळपासून मी अशी गोल गोल फिरतेय. डाळही करपली.

तो शेवटचा दिवस मी टाळत होते, पण आता त्याच्याशीच येऊन थांबलेय.

तुम्ही खाटेवर. डॉक्टर नाडी बघून बाहेर हात धूत होते. खोलीत हे होते, भाऊजी होते, दाराशी कांताबेन, त्यांना तुम्ही 'नमस्कार, आत या' म्हणालात. मी डोक्यावर पदर घेऊन पायाशी उभी. भाऊजी वाकले तेव्हा तुम्ही त्यांना अगदी अदबीने विचारलंत, "आपण कोण?" भाऊजींनी नाव सांगितलं. तुम्ही, बरं, म्हणालात. ह्यांना म्हणालात, अहो, जरा पाणी द्या. ह्यांनी पाणी दिलं. मग भाऊजींनी माझ्याकडे हात करून मोठ्याने विचारलं, अण्णा, ही कोण?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ओठ ओले केलेत आणि म्हणालात, "ज़ने कि..."

आणि थांबलात.

'ज़न' म्हणजे बाई. 'ज़ने कि', ती बाई, जी. एवढंच. भाऊजींनी ह्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांना वाटलं, बरळताय. मी तशीच उभी राहिले. खोलीत माणसं होती, डोक्यावर पदर होता, आणि खरं सांगायचं तर मला पुढचं येईना. आजवर आपण जगाबद्दल बोललो, दूधवाल्याबद्दल, कांताबेनबद्दल, बादशहाच्या गुलामाबद्दल. माझ्याबद्दलचं वाक्य तुम्ही कधी दिलं नव्हतंत. रेशनिंगच्या माणसाला मी घरातली दोन माणसं नावावाचून सांगितली, पण ती सांगणारी कोण, हे त्याने विचारलं नव्हतं आणि मीही ठरवलं नव्हतं. तुमची सून? ह्यांची बायको? पेज देणारी? मी शब्द शोधत राहिले. भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी तुमचा हात हळूच खाली दाबून पांघरुणात घातला. "अण्णा, आराम करा." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

हे सांगता सांगता मी अडखळलेय, मामंजी. भाऊजींनी तुमचा हात खाली दाबला. म्हणजे तो वर होता. मी तिथेच उभी होते, मी तो पाहिला होता, पण त्या वेळी तो मला नुसता आजारी माणसाचा हात दिसला. उजवा हात होता. पहिलं बोट वर होतं.

भाऊजींना तुम्ही सबंध प्रश्न विचारलात. ह्यांना सबंध वाक्यात पाणी मागितलंत. कांताबेनना सबंध नमस्कार केलात. सप्रे मास्तरांशी तासभर सबंध वाक्यांत बोललात, कारण ते कोण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. छत्रीचं वाक्यही तुम्ही सबंधच म्हटलं होतंत, खरंखुरं विचारायचं होतं म्हणून. अर्धं वाक्य तुम्ही त्या खोलीत एकाच माणसाला दिलंत आणि उरलेलं ते माणूस म्हणेल म्हणून थांबून राहिलात. नाव गेलं असेल. सून कोण, मुलगा कोण, तेही गेलं असेल. जाऊ दे. मी भाऊजींना रविवारी काय सांगायचं ते आता मला कळलं, आणि त्यांना नाही पटलं तरी माझी हरकत नाही.

गॅलरीत तुमची खुर्ची आहे. मी खिडकीशी आहे. शेगडीवर पुन्हा डाळ ठेवलीय. आजूबाजूला कोणी नाही, आणि डोक्यावर पदरही नाही. पुढचा अर्धा भाग म्हणते, उशीर झाला तरी तो माझ्याच वाटणीचा आहे.

ज़ने कि नीमा-ए-दीगर-ए-जुमला रा मी-गोयद, मनम. जी बाई वाक्याचा दुसरा अर्धा भाग म्हणते, ती मी आहे.

क्रियापद दोनदा तपासलंय. बरोबर आहे की नाही ते सांगायला तुम्ही नाही, पण खरं आहे. आता बोट खाली घ्या, मामंजी.